बिनहाडाचे तुकडे

त्या वर्षी पोळ्यापासून आई बाबांशी बोलत नव्हती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण कधीतरी मिटतं. आमच्याकडे तसं काही नव्हतं. ती सकाळी उठायची, अंगण झाडायची, हापशीवरून पाणी आणायची, भात टाकायची, बाबांचं ताट वाढून त्यांच्यापुढे सरकवायची आणि भिंतीला टेकून दाराबाहेर बघत बसायची. बाबांना काही सांगायचं असलं की माझ्याकडे तोंड करून म्हणायची, 'मीठ संपलं म्हणून सांग.' बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर जेवत असायचे. मग मी सांगायचे, 'बाबा, मीठ संपलं,' आणि ते मान खाली घालून 'हो' म्हणायचे. मला नुकतंच अठरावं लागलं होतं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून जीपमध्ये कोंबून घेत घरी यायचं आणि आल्या आल्या हे निरोप्याचं काम सुरू करायचं, याचा मला इतका वीट आला होता की एकदा मी मुद्दाम मिठाचं सांगितलंच नाही. आम्ही तिघेही अळणी जेवलो आणि कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा मी घाबरले.

तिच्या अबोल्याचं कारण सगळ्या आरमोरीला ठाऊक होतं. पोळ्याच्या आधी माझ्या पाठच्या भावाला, सिद्धार्थला, ताप आला. बाबा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते, लोक त्यांना ड्रेसर म्हणत. गुरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया द्यायच्या. हात हलका म्हणून आसपासच्या खेड्यांतली माणसंही आपल्या तापासर्दीला त्यांच्याकडूनच सुई टोचून घ्यायची. त्याला कोणी चूक म्हणत नव्हतं, दुसरा डॉक्टर होताच कुठे. तर बाबांनी सिदूला घरीच सुई दिली. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा सुई दिली. आई म्हणत होती की गडचिरोलीला नेऊ. बाबा म्हणाले, उतरते, थांब. मग सकाळी सिदू आईला ओळखेना. जीप करून निघालो, पण मोठ्या दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच तो गेला. मेंदूत चढलेला मलेरिया होता. आई त्याच जीपमध्ये एवढंच म्हणाली, 'मी म्हनून राह्यलो होतो, नेऊ म्हनून.' नंतर ती त्या विषयावर बोलली नाही, रडली नाही, आणि बाबांशी तर बोललीच नाही. बाबांनी त्या दिवसापासून सुई हातात घेतली नाही. दवाखान्यात सुई द्यायची वेळ आली की ते शिपायाला हाक मारायचे आणि स्वतः जनावराचं तोंड धरून उभे राहायचे.

आमचं क्वार्टर दवाखान्याच्या मागेच होतं. दिवसभर गुरं उभी करायच्या लोखंडी खोड्याचा खणखणाट, फिनाईलचा वास, म्हशींचं ओरडणं. त्यात बाबांचा पाखरांचा नाद. तारेला लागून पंख जळालेली घार, गुलेरीच्या दगडाने पाडलेला शिक्रा, रस्त्यावर ट्रकचा मार लागलेलं घुबड, असं काहीही लोक पोत्यात घालून आणायचे. घुबड आणणारा तर पोतं टाकून पळायचाच. हे आधीचं, सिदू असतानाचं सांगते आहे. बाबा बांबूच्या कामट्या सोलून पंखाला बांधायचे, पाखराला अंधाऱ्या खोक्यात ठेवायचे आणि धानाच्या बांध्यांतले उंदीर पकडून आणून अख्खेच्या अख्खे पुढे टाकायचे. आईला त्या उंदरांची इतकी शिसारी होती की तिने बाबांना उंदरांसाठी वेगळा लोटा दिला होता. निम्मी पाखरं मरायची, खोटं कशाला सांगू. पण जी जगायची ती आम्ही सगळे मिळून वैनगंगेवर नेऊन सोडायचो, आणि घरी येताना आई मोठ्या आवाजात सांगायची की आता तरी पाय धुऊन आत या. सिदू गेल्यावर बाबांनी खोकी अडगळीत टाकली. कोणी पाखरू घेऊन आलंच तर नाही म्हणायचे.

उन्हं तापायला लागली तेव्हा आलापल्लीकडून सागवान घेऊन येणारा एक ओळखीचा ट्रकवाला दारात थांबला. त्याच्या केबिनमध्ये टोपली, टोपलीत पाला, आणि पाल्यात पांढऱ्या पिसांचा गोळा. जंगलातल्या तोडणीच्या कूपातलं झाड पाडलं तेव्हा वरचं घरटं खाली आलं, त्यात हे एकटंच पिल्लू. मोरघारीचं होतं. मोठी झाली की कोंबडीच काय, सशालाही उचलणारी, डोक्यावर तुरा मिरवणारी शिकारीण ती. हे मात्र धड मान सावरू शकत नव्हतं. बाबा सवयीने नाही म्हणाले. ट्रकवाला म्हणाला की रेंजरसाहेबांनीच तुमच्याकडे द्यायला सांगितलं आहे, मोठी झाली की आलापल्लीच्या जंगलात सोडू. दोघांचं असं चाललेलं असताना आई पाण्याची गुंडी घेऊन आली. पिल्लाने तिच्याकडे मान वळवली, चोच उघडली आणि किंचाळलं. भुकेलं होतं, आणखी काय. आई गुंडी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने ती खाली ठेवली आणि बाबांना विचारलं, 'ह्याले काय देऊ?'

मला नाही, बाबांना. इतक्या महिन्यांनंतर. बाबा उत्तर द्यायचंच विसरले. मीच म्हणाले, मांस दे म्हणून. त्यांनी नुसती मान हलवली आणि दवाखान्याच्या बाजूला निघून गेले. मी मागून गेले तर औषधांच्या कपाटाला डोकं लावून उभे होते.

पुढचे आठवडे आठवले की अजूनही मला हसू येतं, आणि हसल्याचं वाईटही वाटतं. आईने पिल्लाचा ताबाच घेतला. तिने त्याला बाबू म्हणायला सुरुवात केली. ती सिदूला बाबू म्हणायची. ते ऐकून मला कसं वाटलं हे विचारू नका, पण मी तिला टोकलं नाही. ती बाबांना सांगायची, आज बाबूने लय खाल्लं, आज बाबूले ऊन लागलं, खोक्यावर ओलं पोतं टाका. पाखराशिवाय दुसरं काही नाही, पण सरळ त्यांच्याशी. आणि बाबा! शिपायाच्या भरवशावर दवाखाना टाकून दुपारी घरी पळत यायचे, नवीन लग्न झाल्यासारखे. बाजारात जाऊन तिला न विचारता झिंगे आणले, आणि तिने न विचारता त्यात अंबाडी घालून शिजवले. मी माझ्या निरोप्याच्या नोकरीतून सुटले होते. ते पिल्लू उडावं म्हणून आमचा जीव टांगणीला लागला होता असं मी पुढे लोकांना सांगत आले. खरं सांगायचं तर उडणं आमच्या डोक्यातही नव्हतं. ते जगलं तर आई बोलत राहील, मेलं तर पुन्हा भिंतीला टेकून बसेल, आणि मग तिला कोणी उठवू शकणार नाही, हे मला आणि बाबांना, दोघांनाही, न बोलता ठाऊक होतं.

आईच्या कोंबड्या होत्या. एरवी सणावारी, पाहुणा आला तर एखादी कापली जायची. आता दर दोन-चार दिवसांनी कापली जाऊ लागली. कोंबडी कापली की आई पाट घेऊन अंगणात बसायची, छातीचं मांस वेगळं करायची, काळीज वेगळं करायची, आणि बोटांनी चाचपून चाचपून त्यातली हाडाची बारीक चीपसुद्धा काढून टाकायची. मग नखाएवढे तुकडे करून, धुऊन, बाबूच्या चोचीत. घरातल्या आजाऱ्याला, लहान लेकराला आपण असंच देतो. राहिलेल्या हाडांचा रस्सा आमच्या वाट्याला. आम्ही भाताबरोबर त्या फासळ्या, माना, पाय चोखायचो, नळ्या फोडायचो आणि आईचं मन लागलं म्हणून समाधानाने ढेकर द्यायचो. आता चंद्रपूरकडे जखमी पाखरांसाठी रीतसर केंद्र आहे. मागे नातवाला घेऊन मी तिथे गेले होते. तिथली एक तरुण डॉक्टर मुलगी शिकारी पाखरांना पिसांसकट, हाडांसकट कोंबडीची अख्खी पिल्लं देत होती. न पचलेली पिसं आणि केस ती पाखरं नंतर गोळी करून तोंडावाटे टाकतात, ती गोळी तिने चिमट्याने उचलून नातवाला दाखवली. बाबांच्या आधीच्या पाखरांनीही अशा गोळ्या टाकल्या होत्या. आमच्या बाबूने एकही टाकली नाही. बाबांच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण पाटावर बसून गुणगुणणाऱ्या बाईला ते काय म्हणणार होते?

पिसं आली. तपकिरी, काळ्या काठांची, सुंदर. डोक्यावर तुऱ्याची दोन पिसं उभी राहिली. आकार कोंबड्याएवढा झाला, पण बाबू उभा राहत नव्हता. घोट्यांवर बसायचा, पंख जमिनीला टेकवून. आई म्हणायची आळशी आहे, लाडावला आहे. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांकडे दुसऱ्या तालुक्याचाही चार्ज होता, ते अधूनमधून यायचे. आले तेव्हा बाबांनी पाखरू दवाखान्यात नेलं. आई पाण्याला गेली होती. डॉक्टरांनी पायाची नळी दोन बोटांत धरली, अगदी हलकेच दाबली, आणि ती वाकली. मी डोळ्यांनी बघितलं. मोडली नाही, वाकली. त्यांनी विचारलं, काय खायला देता? बाबांनी सांगितलं. डॉक्टरांनी पाय हलकेच खाली ठेवला. मग म्हणाले की नुसत्या मांसाने पिल्लाची हाडं तयार होत नाहीत, रानात त्याला आईबाप हाडांसकट भरवतात. आता हाडांसकट द्या, कॅल्शियम द्या, कदाचित जगेल, पण उडण्याची आशा ठेवू नका. आणि मोडायला लागलं तर हाल करू नका, झोपेच्या औषधाची बाटली कपाटात आहे, रेंजरसाहेबांशी मी बोलून ठेवतो. ते चांगले गृहस्थ होते, कोणाला दोष दिला नाही. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

घरी येताना बाबांनी मला सांगितलं की हे आईला कळता कामा नये. मीही हो म्हणाले. आम्हाला वाटलं, गुपचूप सुधारून घेऊ. तिथून सगळं आणखीच विस्कटलं. बाबा बांध्यांतून उंदीर घेऊन आले, आईने ते लोट्यासकट बाहेर फेकले. माझ्या बाबूला उंदीर? तिने असं विचारलं की बाबांना दुसरं काही बोलता येईना. गायींच्या कॅल्शियमची भुकटी ताकदीची म्हणून दिली, ती बाबूने मांसाबरोबर झटकून टाकली. मी म्हटलं, आज कोंबडी मी कापते. कापली, मान आणि फासळ्या बारीक ठेचून दिल्या. आईने ती परात माझ्या हातातून घेतली, पाटावर बसली आणि एकेक हाड वेचायला लागली. 'घशात अडकन त्याच्या,' म्हणाली, 'तुले अक्कल नाई.' मी समोर बसून तिच्या बोटांकडे बघत होते. ती एकेक चीप बाजूला टाकत होती, आमची काळी कुत्री ती खात होती, आणि मला त्या कुत्रीच्या पेकाटात लाथ घालावीशी वाटत होती. रोज हेच. रोज बाबूच्या पंखाचं टोक थोडं आणखी खाली यायचं, आणि रोज आई बाबांना कौतुकाने सांगायची की आज त्याने किती खाल्लं.

शेवटी दवाखान्यात जाऊन मी बाबांशी भांडले. ते पट्ट्या गुंडाळत बसले होते. मी म्हणाले, तिला सांगा, नाही तर मी सांगते, पाखरू हातचं चाललं आहे. ते म्हणाले, सांगितल्यावर तिचं काय होईल ते बघवेल का तुला? मी म्हणाले, न सांगता काय होतं आहे ते बघवतं का तुम्हाला? मी मोठ्याने बोलत होते, बाहेर बैल घेऊन आलेला माणूस ऐकत होता, पण मला पर्वा नव्हती. तेव्हा बाबांनी पट्टी खाली ठेवली.

'कोन्या तोंडानं सांगू, पोरी?' ते म्हणाले. 'तिच्या हातून पाखरू गेलं म्हनून सांगू? अन् माह्या हातून काय गेलं, ते तिनं आजवर एकदाही नाई म्हटलं मले.'

मी घरी आले. मला बाबांचा राग आला होता, आईचा आला होता, आणि सिदूचा तर सगळ्यात जास्त आला होता, की मेला तो मेला आणि हे सगळं माझ्या गळ्यात टाकून गेला. असं वाटतं माणसाला. आज मला त्याची लाजही वाटत नाही.

ते घडलं त्या सकाळी आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी कॉलेजला सुट्टी लागल्यामुळे घरीच होते. बाबा दवाखान्यात जायला निघाले होते. बाबू खाटेवर होता. वरून एक घार ओरडत गेली. त्याने मान वर केली, पंख उघडले, पुरते उघडले, आम्ही पहिल्यांदाच ते इतके मोठे बघितले. आई हातातलं सूप तसंच धरून हसली. त्याने खाटेवरून उडी घेतली. खाट केवढी उंच असते? लहान लेकरू पडलं तर रडून उठतं. तो पडला आणि उठला नाही. दोन्ही पाय भलतीकडे गेले होते, एक पंख मधूनच दुमडला होता, आणि तो जे ओरडत होता ते मी कोणाला लिहून सांगू शकणार नाही.

आईने त्याला ओच्यात उचललं. जिथे हात लावी तिथे वाकत होतं, मोडत होतं. तिने हात काढून घेतला. बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझी आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण ती खुळी नव्हती.

'एवढुशा उंचीवरून पडला त एवढं काऊन मोडते?' तिने विचारलं. 'तुमाले ठाऊक हाये. दोघायले ठाऊक हाये. सांगा जी मले.'

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. काही सौम्य केलं नाही, काही लपवलं नाही. बिनहाडाचं खाऊन खाऊन त्याची हाडं कच्ची राहिली. आम्हाला कळलं होतं, आम्ही बोललो नाही. आई ऐकत होती. पाखरू तिच्या मांडीवर ओरडत होतं. ती स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता ही गेली. मी तिच्याजवळ सरकले, पण तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

'मी त एकेक हाड येचून काढत होतो,' ती म्हणाली. 'त्याले लागू नये म्हनून.'

'हो,' बाबा म्हणाले.

'चांगलं चांगलं तेच देत होतो.'

'हो.'

मग तिने बाबांकडे पाहिलं. पोळ्यापासून तिने त्यांच्या तोंडाकडे असं नीट पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

'सिदूच्या वक्ती तुमालेबी असंच वाटलं असन,' ती म्हणाली. 'का चांगलंच करून राह्यलो म्हनून.'

बाबांनी मान हलवली. तिने त्यांना काही धीर दिला नाही, डोळे पुसले नाहीत. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, पुढे कधीही म्हणाली नाही. तिने फक्त ओचा सावरला आणि म्हणाली, 'आता ह्याले सोडवा. किती ओरडून राह्यला.'

डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात होते. शिपाई यायला वेळ होता. बाबा म्हणाले, माझ्याने होत नाही, शिपाई येऊ दे. आईने मला कपाटातली बाटली आणि सुई आणायला सांगितलं. मी पळत गेले आणि आणलं. बाबांनी सुई हातात घेतली, पण दोनदा टोक घसरलं, बाटलीचं तोंड सापडेना. आईने डाव्या हाताने बाबूचं डोकं झाकलं, डोळ्यांवर अंधार केला, जसं बाबा आधी पाखरांना करायचे. उजव्या हाताने तिने बाटली धरली, सरळ, न हलवता.

'भरा,' ती म्हणाली. 'मी धरतो. तुमी द्या.'

बाबांनी सुई भरली आणि दिली. ओरडणं कमी होत गेलं, मग थांबलं. अंगण एकदम शांत झालं. 'झालं?' आईने विचारलं. बाबा म्हणाले, झालं. तिने बाबूच्या डोळ्यांवरचा हात काढला, तुऱ्याची पिसं सारखी केली, आणि मग सिद्धार्थचं नाव घेऊन असा हंबरडा फोडला की शेजारच्या क्वार्टरची दारं उघडली. बाबा तिच्यासमोर तसेच बसून होते, तेही मोठमोठ्याने रडत होते, आणि दोघांपैकी कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. मी उठले आणि दवाखान्याचं फाटक लावून घेतलं, कारण लोक गुरं घेऊन यायला लागले होते.